‘भ्रमणकक्षे’चे मन्मथअप्पा

मन्मथअप्पांना टेलिफोनची भीती वाटायची. छापखान्यातला काळा फोन वाजला की ते आधी चष्मा काढून टेबलावर ठेवत, खांद्यावरच्या उपरण्याला तळहात पुसत आणि उभे राहून रिसीव्हर उचलत. बसून कधीच नाही. पलीकडे लग्नपत्रिकेचा भाव विचारणारा कुणी वधूपिता असला तरी अप्पांचा पहिला शब्द "काय चुकलं का?" हाच असे. बोलणे संपले की माझ्याकडे वळून ते मोकळेपणाने सांगत, "सुमन, मला लई भ्या वाटलं."

मी तेव्हा नुकतीच पदवी घेऊन मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासायला लागले होते. भीती कबूल करणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या बीड जिल्ह्यात पुरुष घाबरले की आवाज चढवतात. अप्पा मात्र घाबरले की घाबरलो म्हणत. कडाडणारी वीज, कुत्री, सरकारी लिफाफा, छपाईच्या ट्रेडल मशीनचा फिरता पट्टा, सगळ्यांना ते भीत. पण पट्टा निसटला की तो चढवायला तेच पुढे होत. एकदा मी म्हटले, "अप्पा, भीती वाटते तर कशाला हात घालता?" त्यांनी काम न थांबवता उत्तर दिले, "भ्या जायची वाट बघत बसलं तर काम कवा करायचं?"

छापखाना सहकारी होता. दूध संघ, पतपेढी आणि छापखाना या तिन्हींचे चेअरमन एकच, आबासाहेब. तालुक्यात त्यांचा शब्द खाली पडत नसे. छापखान्यातून दोन मासिके निघत आणि दोन्हींचे संपादक अप्पा. पहिले ‘रूपलहरी’. रंगीत मुखपृष्ठावर नटी, आत सिनेमाच्या बातम्या, राशिभविष्य, मसालेभाताची कृती आणि मधल्या पानावर आबासाहेब कुठल्या तरी समारंभात नारळ फोडताना. ते बसस्टँडवर हातोहात जाई. दुसरे ‘भ्रमणकक्षा’. त्याला मुखपृष्ठ म्हणावे असे काही नव्हतेच. खरबरीत कागद, एका रंगाची शाई आणि आत रेडिओची जोडणी, ग्रहणांची माहिती, बुद्धिबळाचे डाव, परग्रहावरच्या कथा. ते घेणारे लोक इतके थोडे होते की अप्पांना त्यांची अक्षरे ओळखू येत.

संचालकांच्या बैठकीत दर वेळी कुणी तरी विचारी की हे दुसरे मासिक कशापायी काढता, वाचतं कोण. अप्पा चष्मा काढून टेबलावर ठेवत. मग उठून उत्तर देत, "साहेब, रूपलहरी लोक चाळतात. हे पोखरतात." मग एखादा संचालक हसे, आबासाहेब घड्याळ बघत आणि विषय पुढे जाई. रूपलहरीच्या जिवावर भ्रमणकक्षेचा कागद निघत होता, आणि त्याची अप्पांना लाज नव्हती. उलट नटीचा फोटो निवडताना ते जितका वेळ घेत तितका मंगळाच्या नकाशालाही घेत नसत. मी एकदा रूपलहरीला नाक मुरडले तेव्हा ते माझ्यावर रागावले. पहिल्यांदाच. दिवसभर दुष्काळी कामावर मुरूम वाहून आलेल्या बाईला सिनेमा वाचावासा वाटला तर तिला नावे ठेवणारे आपण कोण, असे त्यांनी मला विचारले. "तिचं बी मासिक पायजे, रफिकचं बी पायजे. दोघांचं एकच करायला गेलं का दोघं बी उपाशी."

हे रफिकभाई दिंद्रुडला रेडिओ दुरुस्त करीत. त्यांची माझी ओळख झाली ती एका भांडणातून. भर उन्हात बसमधून उतरून ते तडक छापखान्यात शिरले आणि भ्रमणकक्षेचे पान अप्पांपुढे आपटले. आकृतीतली एक तार उलटी जोडली होती. अशाने रेडिओ बोलणार नाही, जळेल, असे ते तावातावाने सांगू लागले. अप्पा आधी भिंतीला टेकले. मग चष्मा लावून त्यांनी आकृती पाहिली, चूक कबूल केली, आणि त्यानंतर दोघांचे जे सुरू झाले ते शेवटची बस जायची वेळ झाली तरी संपेना. आकृतीवरून गाडी मंगळावर गेली. तिथे पाणी असेल की नाही यावर दोघेही हट्टाला पेटले होते. बाहेर आमच्या हातपंपाचा दांडा दोन बाया आळीपाळीने हाणत होत्या आणि त्यातून नुसती हवा येत होती. रफिकभाई गेल्यावर अप्पांचा चेहरा उजळला होता. नुसती चूक दाखवायला माणूस तिकीट काढून येतो, असे ते त्या आठवड्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

तो सलग दुसरा कोरडा हंगाम होता. विहिरी तळाला गेल्या. गावात टँकर यायचा, तोही आज या आळीला तर उद्या त्या. टँकर भरायची विहीर आबासाहेबांच्या मळ्याला लागून होती. सगळा शिवार राखेच्या रंगाचा झाला असताना त्यांचा ऊस मात्र रस्त्यावरून हिरवागार दिसे. सगळ्यांना दिसे आणि कुणी बोलत नसे. माझे वडील आबासाहेबांच्याच पतपेढीत नोकरीला होते. घरात ऊस हा शब्दसुद्धा निघत नसे.

त्या उन्हाळ्यात मी एक कथा लिहिली. एका कोरड्या ग्रहावर काचेचा मोठा घुमट आहे. पाण्याचा एकच नळ घुमटाच्या मालकाकडून जातो. बाहेरची माणसे भांडी घेऊन उभी असतात आणि आत निळ्या पात्यांचे पीक डोलत असते. मी ती टोपणनावाने लिहिली आणि अप्पांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, पुन्हा वाचली, चष्मा काढला. मला वाटले, आता परत देतील. "मला लई भ्या वाटतंय," ते म्हणाले आणि त्यांनी ती कंपोझला टाकली. शीर्षकापुढे स्वतःच्या हाताने ‘पूर्वार्ध’ असा शब्द जोडला. कथेला उत्तरार्ध आहे हे मलाही ठाऊक नव्हते.

आम्हाला दोघांनाही एक आधार होता. भ्रमणकक्षा कुणी वाचत नाही. पण त्या महिन्यात तसे झाले नाही. रफिकभाईंनी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला कथा वाचून दाखवली. गिऱ्हाइकाने अंक मागून नेला. मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर ट्रकवाल्यांत तो फिरला. कुणी त्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. ज्यांनी जन्मात परग्रहाची कथा वाचली नव्हती ते लोक टँकरची वाट बघत रांगेत बसून ती ऐकू लागले. निळे पीक म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही. अप्पांना स्टँडवरून अंकाची मागणी येऊ लागली तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. "सुमन, थोडे लोक वाचत होते तवर आपल्याला कुणी विचारत नव्हतं," ते म्हणाले. "आता विचारतील."

एका सकाळी छापखान्यासमोर जीप येऊन उभी राहिली. ती मला ओळखीची होती, आबासाहेबांच्या वाड्यावर असायची. आत दोन माणसे. त्यांनी काही केले नाही. इंजिन सुरू ठेवून ती तिथेच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांतला एकजण उतरून आत आला आणि बाकावर बसून अंक वाचू लागला. एकेका ओळीखाली बोट सरकवत, सावकाश. अप्पा अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत होते. मुद्रित माझ्यासमोर होते आणि एकही अक्षर दिसत नव्हते. त्याने शेवटपर्यंत वाचले, अंकाची सुरळी केली आणि अप्पांना विचारले, "कुणी लिव्हलंय बे हे?"

वयाने बापासारख्या माणसाला तो बे म्हणाला. मी तोंड उघडणार एवढ्यात अप्पा म्हणाले, "मी."

तो माणूस अप्पांकडे बघत राहिला. अप्पांच्या हातातली खिळ्यांची पट्टी इतकी थरथरत होती की त्यातले खिळे जमिनीवर पडू लागले. तो हसला. "तू?" एवढेच म्हणून तो निघून गेला. त्याला ते खरे वाटले नव्हते, हे आम्हा दोघांनाही कळले.

मी दुपारी जेवले नाही. वडिलांची नोकरी, घर, धाकट्या बहिणीचे ठरत आलेले लग्न, सगळे डोळ्यांपुढे येत होते. मी अप्पांना सांगितले की मीच जाऊन आबासाहेबांना भेटते. त्यांनी मला अडवले नाही. तू घाबरली आहेस का, एवढेच विचारले. मी हो म्हणाले. "मी बी," ते म्हणाले. "मग दोघं बी घाबरलेलेच जाऊ." त्यांनी पायात चपला घातल्या, त्या उलट्या झाल्या, पुन्हा काढून नीट घातल्या आणि आम्ही निघालो.

आबासाहेब ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. त्यांच्यामागे पाण्याचा मोठा रांजण होता, त्याच्या अंगावरून ओल पाझरत होती. माझी नजर तिथून हलेना. मी म्हणाले, "कथा मी लिहिली." मला वाटले होते ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी आम्हाला बसायला सांगितले, चहा मागवला. माझ्या वडिलांची चौकशी केली, त्यांची नोकरी आता किती राहिली हे विचारले, आणि तेही फार मायेने.

मग त्यांनी आपला विचार सांगितला. कथा त्यांना आवडली होती. पोरीच्या हातात ताकद आहे, ती असल्या फाटक्या कागदावर कशाला वाया घालवायची? भ्रमणकक्षा बंद करावी आणि तिची पाने रूपलहरीत घ्यावीत. रंगीत चित्रे, गुळगुळीत कागद, हजारो वाचक. फक्त कथेच्या पुढच्या भागात घुमटाचा मालक भला माणूस निघावा आणि पाणी चोरणारा कुणी परका असावा.

आजही सांगते, क्षणभर मला मोह झाला. हजारो वाचक कुणाला नको असतात? मी अप्पांकडे पाहिले. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली, कारण ती वाजत होती.

"साहेब, हजारांनी वाचावं असं मला बी वाटतं," ते म्हणाले. "पन पानी कुठं चाललंय ते काढून टाकलं तर मग ती गोष्ट न्हाई, जाहिरात हाय. हजारजण ती चाळतील आन ज्यांच्यासाठी लिव्हली ते हात लावणार न्हाईत. मला तुमचं लई भ्या वाटतं. तरी मला जमणार न्हाई."

आबासाहेबांनी झोपाळा थांबवला. बरे, म्हणाले. आम्ही चहा तसाच ठेवून उठलो. वाटेत अप्पा एका बाभळीखाली टेकले.

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या आळीला टँकर आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तो आळीच्या तोंडावरून सरळ पुढे गेला. ड्रायव्हरने मान वळवूनसुद्धा पाहिले नाही. अप्पांची आळी म्हणजे वाण्यांची चार दुकाने आणि बाकी सगळी मजुरांची घरे. लोकांना कारण कळायला वेळ लागला नाही. अप्पांच्या घरातली पाण्याची शेवटची घागर त्यांच्या पत्नीने शेजारच्या बाळंतिणीला देऊन टाकली होती. मी गेले तेव्हा अप्पा अंगणात बसून होते. आळीतली मुले ओठ चाटत बसलेली त्यांना दिसत होती आणि ते मान वर करत नव्हते. "माझ्या भ्याचं मी बघून घेतो," ते मला म्हणाले. "ह्यांच्या तहानंचं काय करू?" आबासाहेबांकडे जाऊन पाय धरायचे, मासिक बंद करायचे आणि ते म्हणतील तसे छापायचे, असे त्यांनी ठरवत आणले होते. माझ्याकडेही दुसरा उपाय नव्हता.

तेवढ्यात आळीतल्या बाया आल्या. सगळ्यांच्या कमरेला रिकाम्या घागरी. पुढे शांतामावशी. खडी फोडायच्या कामावर मुकादमाला गप्प करणारी ही बाई, तिचा आवाज सगळ्या गावाला माहीत होता. अप्पा उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले. मी दाराची चौकट घट्ट धरली. आता या माणसाला शिव्या ऐकाव्या लागणार, आणि त्या माझ्यामुळे, एवढेच माझ्या मनात होते.

शांतामावशीने घागर खाली ठेवली. ती अप्पांना म्हणाली, "त्या गोलावरच्या बायांनी मंग काय केलं?"

अप्पांना कळले नाही. मलाही नाही. तिने पुन्हा विचारले. रांगेत तिने गोष्ट ऐकली होती, काचेच्या घरातल्या मालकाची. बाया भांडी घेऊन उभ्या आहेत इथपर्यंत आली आणि थांबली. पुढे काय झाले, ते हवे होते. अप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी खरे ते सांगितले, की पुढचे अजून लिहिलेले नाही.

"आमाला सुचलंय," शांतामावशी म्हणाली. "बघा पटतंय का."

ऊन कलायच्या आत त्या सगळ्याजणी टँकरच्या रस्त्यावर बसल्या. घागरी पुढ्यात, पदर डोक्यावर. अप्पाही गेले. ते बायांच्या मागे रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि मी त्यांच्या शेजारी. टँकर आला. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, तो वाजवतच राहिला. चाके इतकी जवळ आली की पुढच्या घागरीला धक्का लागून ती आडवी झाली. कुणी उठले नाही, पण एक तरुण पोरगी मोठ्याने रडू लागली. मागून जीप आली. त्यातली तीच दोन माणसे उतरली आणि त्यांनी बायांना उठायला फर्मावले. शांतामावशीने आडवी झालेली घागर सरळ करून पुढ्यात ठेवली. जागची हलली नाही. माझ्या शेजारी अप्पांचे दात वाजत होते, मला ऐकू येत होते. मग ते चालत पुढे गेले, बायांच्या ओळीत गेले आणि खाली बसले. धोतर सावरायचेही त्यांना भान नव्हते.

ड्रायव्हरने इंजिन बंद केले. तो काही शूर माणूस नव्हता. त्याने जीपवाल्यांना सांगितले की माणसांच्या अंगावर गाडी घालायला मला कुणी सांगितलेले नाही, आणि तो खाली उतरून सावलीत जाऊन बसला. रस्त्यावर एस. टी. थांबली, मग ट्रक, मग दुसरी एस. टी. उतरलेले लोक काय झाले ते विचारू लागले. बघ्यांची गर्दी वाढत गेली तशी जीप मागे सरकत गेली. शेवटी तहसीलचा कुणी माणूस मोटरसायकलवर आला आणि टँकर आळीत वळला. पाणी उतरेपर्यंत अप्पा रस्त्यावरच बसून होते. शांतामावशीने त्यांना बखोटीला धरून उठवले.

पुढे जे व्हायचे ते झालेच. अप्पांना छापखान्यातून काढले. वडिलांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. पण टँकर पुन्हा चुकला नाही, आणि आबासाहेबांच्या मळ्यालगतच्या विहिरीवर चौकशी लागली. भ्रमणकक्षेचा एक अंक आणखी निघाला. रफिकभाईंच्या ओळखीने बीडच्या एका लहानशा छापखान्यात आम्ही तो छापला. मी उत्तरार्ध लिहिला, शांतामावशीने सांगितला तसा. अप्पांनी संपादकीयात एवढेच लिहिले की या अंकानंतर मासिक थांबत आहे, संपादक फार घाबरलेला आहे, आणि मागच्या अंकातल्या ग्रहणाच्या वेळेत चूक झाली ती सुधारून घ्यावी.

त्यानंतर ते मुलीकडे लातूरला गेले. मी पुण्यात एका मोठ्या मासिकात लागले. अधूनमधून भेट होई. ‘रूपलहरी’ टीव्ही घरोघर आल्यावर बंद पडली, तेव्हा त्यांना खरेच वाईट वाटले होते. आता त्या मुरूम वाहणाऱ्या बाईने वाचायचे काय, असे ते विचारत होते.

अप्पा गेल्याचे कळले तेव्हा मी लातूरला पोचेपर्यंत दुपार झाली होती. अप्पा लिंगायत; समाधीसाठी खोदलेल्या जागी नातेवाईक होते, जंगम पुजारी मंत्र म्हणत होते. रफिकभाई थकलेले, पण आलेले. आम्ही दोघांनी बेलाची पाने वाहिली, माती लोटली आणि बाजूला उभे राहिलो. तेवढ्यात एक प्रौढ बाई फाटकातून आत आली. कुणाच्याच ओळखीची दिसेना. ती थेट आमच्याकडे आली आणि भ्रमणकक्षेचे संपादक तेच का, असे तिने विचारले. अंबाजोगाईच्या दवाखान्यात ती नर्स होती. निवृत्त झाली होती. आमच्या गावच्या एका जुन्या पेशंटकडून तिला बातमी लागली होती. मासिक चालू होते तेव्हा ती वर्गणीदार होती, टपालाने अंक येई, आणि घरातले हसतील म्हणून ती तो कपाटात साड्यांखाली ठेवी. संपादकाला एकदा भेटायचे होते, पण काय बोलणार म्हणून राहून गेले.

"आमच्याकडं कुनालाच असलं काही आवडत न्हवतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, एवढ्या जिल्ह्यात अशी येडी मी एकटीच हाय."

रफिकभाईंनी तिच्याकडे पाहिले. मग बोटानेच आधी स्वतःकडे आणि नंतर माझ्याकडे निर्देश केला. ती आम्हा दोघांकडे बघत राहिली, आणि तिथे, त्या ताज्या मातीशेजारी, तोंडावर पदर धरून हसू लागली. डोळ्यांतून पाणी येत होते तरी तिला हसू आवरेना. नातेवाईक वळून बघू लागले. रफिकभाईंनी हळूच तिला विचारले, मंगळावर पाणी असेल असे तुम्हाला वाटते का.

ती म्हणाली, "असनार. पन खाली. लई खाली."

रफिकभाईंना ते मान्य नव्हते. वाद लांबणार होता, म्हणून आम्ही तिथल्याच एका कडुलिंबाच्या सावलीत सरकलो.